नातीच्या नव्या बहिणी



या सदरात आपण आजवर रक्तदाब, गुडघे, झोप, औषधांच्या वेळा अशा विषयांवर बोलत आलो आहोत. आजचा विषय वरकरणी आपल्या वयाशी संबंध नसलेला वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणांची नातवंडे आज परदेशी शिकत आहेत, आणि त्यांची काळजी हा आपल्या प्रकृतीचाच एक भाग होऊन बसला आहे. रात्री दोन वाजता जाग येते आणि पहिला विचार येतो तो हाच, की टोरंटोला आता दुपारचे साडेचार वाजले असतील, पोर काही खाऊन घेते आहे की नाही? अशा वेळी झोपेच्या गोळीपेक्षा नातवंडाच्या आयुष्याची थोडी खरी माहिती अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. तो सांगण्यासाठी मला माझी एक चूक प्रथम कबूल करावी लागेल.

माझी नात गेल्या वर्षी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात एका विद्यापीठात शिकावयास गेली. वय वर्षे १८. सप्टेंबरमध्ये एका शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आजी, मी सोरोरिटीत जायचं म्हणतेय." हा शब्द मी कोठल्याशा अमेरिकी चित्रपटात ऐकला होता. त्यातील झगमगाट, मद्याचे पेले आणि मध्यरात्रीपर्यंत चाललेला गोंगाट एवढेच माझ्या ध्यानात होते. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अगं, तू शिकायला गेली आहेस की मिरवायला?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं आजी. तुझी साखर किती आली या खेपेला?" आणि विषय तेथेच संपला.

मला वाटले, माझे म्हणणे तिला पटले. त्यानंतरचे तीन आठवडे फोन आले ते दोन-दोन मिनिटांचे. 'अभ्यास आहे', 'नंतर बोलू', 'थकलेय'. मग एके दिवशी मुलाकडून समजले, की तिने सोरोरिटीसाठी नाव दिले होते, जी तिला मनापासून आवडली होती तिने तिला बोलावले नाही, आणि पोर चार दिवस खोलीत एकटीच रडत बसली होती. आईवडिलांनाही तिने ते उशिरा सांगितले. मला तर सांगितलेच नाही. सांगणार तरी कशाला? माझे उत्तर तिला आधीच ठाऊक होते.

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिने मला न विचारता नाव दिले, याचे मला दुःख नव्हते. तिच्या परदेशातील पहिल्या मोठ्या दुःखात मला जागा नव्हती, आणि ती जागा मी स्वतःच एका वाक्याने घालवली होती. दुसऱ्या दिवसापासून मी, जे आधी करावयास हवे होते ते नंतर केले. विषय समजून घेतला. जे समजले ते येथे मांडते.

सोरोरिटी म्हणजे काय?

लॅटिन भाषेत 'सोरोर' म्हणजे बहीण. संस्कृतातील 'स्वसृ' आणि हा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. म्हणजे सोरोरिटी हा सरळ सरळ भगिनीसंघ होय. विद्यापीठातील मुली एकत्र येऊन तो चालवतात. त्यांची नावे ग्रीक मुळाक्षरांवरून ठेवलेली असतात: कप्पा, अल्फा, थीटा, गॅमा, डेल्टा. प्रत्येक संघाचे स्वतःचे चिन्ह, रंग, गाणी आणि दीक्षाविधी असतो, आणि त्या विधीचा तपशील बाहेर सांगावयाचा नसतो. मुलांच्या अशाच संघांना फ्रॅटर्निटी म्हणतात.

याचा उगम मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल या गावी एक विद्यापीठ होते. तेथे १८६७ साली मुलींना प्रवेश मिळाला, पण वर्गात त्यांचे स्वागत कोणी केले नाही. बेटी लॉक नावाची एक विद्यार्थिनी होती. तिची कथा अशी सांगतात, की मुलांच्या एका संघाने तिला आपले पदक मिरवण्यास दिले. तिने विचारले, यासोबत सभासदत्वही मिळेल का? ते मिळणार नव्हते. तेव्हा तिने ते पदक नाकारले आणि २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींसह 'कप्पा अल्फा थीटा' हा स्वतःचाच संघ काढला. त्या वेळी सोरोरिटी हा शब्दही नव्हता. तो १८८२ साली सिरॅक्यूज विद्यापीठातील लॅटिनच्या एका प्राध्यापकांनी 'गॅमा फाय बीटा' या संघासाठी सुचवला. म्हणूनच जुने संघ अजूनही स्वतःस 'स्त्रियांची फ्रॅटर्निटी' म्हणवून घेतात.

कॅनडात ही प्रथा १८८७ साली आली. टोरंटोच्या विद्यापीठात मुलींना १८८४ पासून वर्गात बसता येऊ लागले होते. त्याच १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा सुरू झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे काळाची कल्पना येईल. त्यानंतर तीनच वर्षांनी कप्पा अल्फा थीटाची शाखा टोरंटोत निघाली. १९०६ साली 'अल्फा फाय' आली, आणि पुढे इतरही आल्या. मिरवण्यासाठी निघालेली ही गोष्ट नव्हती, हे वाचून मी ओशाळले. ज्या वर्गात आपण नकोशा आहोत तेथे टिकून राहण्यासाठी मुलींनी एकमेकींचा हात धरला, एवढाच त्याचा प्रारंभ आहे.

परदेशी एकट्या पडलेल्या मुलीला असा हात लागतो, हे आपल्याला नवे नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांचेही वय १८च होते. न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. रक्ताची नसलेली नाती जोडल्यावाचून परदेशात निभाव लागत नाही, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

या संघांचा इतिहास निष्कलंक मात्र नाही. पुष्कळ जुन्या सोरोरिटींनी दीर्घकाळ कृष्णवर्णीय आणि ज्यू मुलींना दारात उभे केले नाही. त्यामुळे कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 'अल्फा कप्पा अल्फा' काढली, आणि ज्यू विद्यार्थिनींनी १९०९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात 'अल्फा एप्सिलॉन फाय'. भारत आणि आसपासच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलींनी १९९८ साली ह्यूस्टनमध्ये 'डेल्टा फाय ओमेगा' स्थापली. आज जुन्या संघांची दारे सर्वांना उघडी आहेत. तरीही 'त्या संघात तुझ्यासारख्या दिसणाऱ्या, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुली किती आहेत?' हे नातीला विचारणे गैर नाही.

प्रवेश कसा होतो?

कॅनडात बहुधा सप्टेंबरमध्ये, वर्ग सुरू झाल्यावर लगेच, काही दिवस भेटीगाठींचा कार्यक्रम असतो. पूर्वी त्याला 'रश' म्हणत, आता 'रिक्रूटमेंट' म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील विद्यापीठांत त्याचा जो थाटमाट असतो, तेवढा कॅनडात नसतो; संघही लहान असतात. नाव नोंदवलेल्या मुली प्रत्येक संघाला भेट देतात. पहिल्या दिवशी ओळखपाळख, नंतर संघ करीत असलेल्या सेवाकार्याची माहिती, आणि शेवटी अधिक निवांत बोलणे, अशा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीनंतर संघ आपली यादी करतो, आणि मुलीही आपली पसंती क्रमाने लिहून देतात. दोन्ही बाजूंचे जुळले म्हणजे मुलीला लेखी निमंत्रण मिळते. त्याला तेथे 'बिड' म्हणतात.

निमंत्रण स्वीकारल्यावर काही आठवडे नवसभासदत्वाचे असतात. या काळात संघाचा इतिहास व नियम समजावून दिले जातात, आणि एक जुनी सभासद नव्या मुलीची 'मोठी बहीण' म्हणून नेमली जाते. त्यानंतर दीक्षाविधी होतो. येथे एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. बहुतेक जुन्या संघांची 'नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स' ही १९०२ साली स्थापन झालेली शिखर संघटना आहे. तिच्या नियमांप्रमाणे एका संघाची दीक्षा घेतलेल्या मुलीस पुढे त्या संघटनेतील दुसऱ्या संघात जाता येत नाही. दीक्षेपूर्वी मुलगी मागे फिरू शकते; दीक्षेनंतरही सभासदत्व सोडता येते, पण बदलता येत नाही. म्हणून घाई करू नये. नवसभासदत्वाचे आठवडे हे विचारासाठीच असतात.

सभासदत्व जन्मभराचे असते, हे मला विशेष वाटले. पदवी मिळाल्यावरही या स्त्रिया शहराशहरांत माजी सभासदांची मंडळे चालवतात. पंचाहत्तरीच्या आजीबाई आणि पंचविशीची तरुणी एकाच मंडळात चहा घेत बसलेल्या असतात. शिवाय प्रत्येक संघाने एक सेवाकार्य पत्करलेले असते. अल्फा फायने स्त्रियांच्या हृदयविकाराचा प्रश्न हाती घेतला आहे. 'अल्फा ओमिक्रॉन पाय' संधिवातासाठी निधी जमवते, 'डेल्टा गॅमा' दृष्टिहीनांसाठी काम करते. अमेरिकेत मेन राज्यात १८७४ साली स्थापन झालेली 'सिग्मा कप्पा' तर अल्झायमर्स आणि वृद्धांची सेवा यांसाठी झटते. हृदय, सांधे, डोळे आणि स्मरणशक्ती! वाचकहो, या मुलींनी आपल्या वयाच्या साऱ्या तक्रारी आपसांत वाटून घेतल्या आहेत, असे वाटून मला हसू आले.

जे नकोसे आहे तेही

आता दुसरी बाजू. तिकडे दुर्लक्ष करणे म्हणजे नातीशी प्रतारणा होय.

पहिली गोष्ट पैशाची. सभासदत्वाची वर्गणी दरवर्षी काही शे डॉलरच्या घरात जाते, आणि कार्यक्रमांचे कपडे, भेटी, प्रवास यांचा खर्च निराळा. संघाच्या घरात राहावयाचे ठरले तर भाडे आलेच. शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या मुलीने पूर्ण वर्षाचा लेखी हिशोब आधी मागावा. चांगला संघ तो देतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आठवड्याची सभा, सेवाकार्य, स्नेहमेळावे यांत वेळ जातो. पहिल्या वर्षाची मुलगी झोपेतून तो वेळ काढते. झोपेचे महत्त्व या सदराच्या वाचकांना मी काय सांगावे!

तिसरी गोष्ट मद्याची. अल्बर्टा, मॅनिटोबा आणि क्यूबेक या प्रांतांत मद्यपानाचे कायदेशीर वय १८ आहे, अन्यत्र १९. म्हणजे पहिल्या वर्षाच्या कित्येक मुली त्या उंबरठ्यावर असतात. पुष्कळ सोरोरिटींच्या घरांत मद्याला मनाई असते. परंतु मुलांच्या फ्रॅटर्निटींकडे होणाऱ्या मेजवान्यांना त्या जातात, आणि धोका तेथे असतो. स्वतःचा पेला नजरेआड न करणे, मैत्रिणींबरोबर जाणे आणि त्यांच्याबरोबरच परतणे, हे नियम तेथील मुली स्वतःच पाळतात. आपणही ते शांतपणे, एकदाच, बोलून ठेवावेत.

चौथी गोष्ट छळाची. आपण जिला रॅगिंग म्हणतो आणि जिच्या विरुद्ध महाराष्ट्रात १९९९ साली कायदा झाला, तिला तिकडे 'हेझिंग' म्हणतात. मोठ्या सोरोरिटींच्या नियमांत तिला सक्त मनाई आहे. पण नियम असणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतर आपण पुष्कळ पाहिले आहे. जागरण करावयास लावणे, कोणाची तरी वैयक्तिक कामे करून घेणे, बळेच पाजणे, अपमान सोसावयास लावणे, 'घरी सांगू नकोस' असे बजावणे, यांपैकी काहीही घडले तर तो छळच होय, मग त्याला परंपरेचे कितीही सुंदर नाव दिलेले असो. विधी गुप्त असू शकतो. यातना गुप्त असता कामा नयेत.

पाचवी गोष्ट दाद मागण्याची. कॅनडातील सर्व विद्यापीठे या संघांना मान्यता देत नाहीत. टोरंटो विद्यापीठात ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तरीही विद्यापीठाचा अधिकृत भाग नाहीत. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात तर विद्यार्थी संघटनेनेच १९३०च्या दशकात त्यांवर बंदी घातली. संघ अधिकृत नसेल तर तक्रार कोठे करावयाची, हे नातीने आधीच विचारून ठेवावे.

नकाराचे औषध

ज्यांना निमंत्रण येत नाही त्या मुलींविषयी कोणी फारसे बोलत नाही. मला त्यांच्याविषयीच अधिक लिहावेसे वाटते, कारण माझी नात त्यांपैकी एक होती. विचार करा. घर सोडून जेमतेम एक महिना झालेला. थंडी अजून पडावयाची आहे, पण दिवस आखूड होऊ लागले आहेत. ज्या मुलींशी दोन दिवस हसून बोललो, त्यांनी नंतर नाव खोडले. कारण कोणी सांगत नाही. अठरा वर्षांच्या मनाला त्याचा एकच अर्थ लागतो: 'माझ्यातच काही कमी आहे.'

एकटेपणा हे म्हातारपणाचे दुखणे आहे, अशी आपली समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक नातेसंबंधांविषयी एक आयोग २०२३ साली नेमला होता. त्याच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे जगात सहा जणांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि तरुणांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. म्हणजे रिकाम्या घरात फोनकडे पाहत बसलेली आजी आणि वसतिगृहाच्या खोलीत फोन उलटा ठेवून बसलेली नात, यांचे दुखणे एकच. दोघीही एकमेकींना 'मी मजेत आहे' असे सांगत असतात, एवढेच.

अशा वेळी काय बोलू नये, हे मी माझ्या चुकीवरून सांगते. 'बरं झालं, नाहीतरी काय करायचं होतं' असे म्हणू नये. 'त्यांचंच नुकसान' हेही फार लवकर म्हणू नये. 'तुला वाईट वाटलं असेल' एवढे म्हणावे आणि गप्प बसावे. फोनवरची शांतता आपल्याला सहन होत नाही, म्हणून आपण उपदेश करतो. ती शांतता सहन करावयास शिकावे. पोर पुढे आपणहून बोलते.

दुःख आठवडे उलटूनही हटत नसेल, खाणे, झोप, वर्ग सुटू लागले असतील, किंवा जगण्याचा कंटाळा बोलण्यात येऊ लागला असेल, तर मात्र गप्प बसू नये. कॅनडात ९८८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो वा संदेश पाठवता येतो; विद्यापीठांतही समुपदेशक असतात. आणि आपल्यासाठी, होय, आपल्यासाठीही, भारतात टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. काळजीने पोखरलेल्या आजीआजोबांनी तिचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये.

आपण काय विचारावे?

नातीने सोरोरिटीचे नाव काढले म्हणजे 'कशाला?' हा प्रश्न गिळून टाकावा. तो प्रश्न नसतोच, निकाल असतो. त्याऐवजी असे विचारता येईल: तुला तिथल्या कोणत्या मुली आवडल्या, आणि का? वर्षाचा खर्च किती, तो लिहून दिला आहे का? परीक्षेच्या दिवसांत सभा चुकवली तर चालते का? ज्या मुली सोडून गेल्या, त्यांच्याविषयी इतर मुली कशा बोलतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार काही सांगून जाते. जाणाऱ्या सुनेविषयी घर कसे बोलते, यावरून घराची परीक्षा होते, तसेच हे.

फोनच्या वेळेचेही पथ्य असावे. टोरंटो आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मार्चमधील दुसऱ्या आणि नोव्हेंबरमधील पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे बदलतात. आठवड्यातील एक वार आणि एक वेळ ठरवून घ्यावी. तो फोन दहा मिनिटांचा असला तरी चालेल, पण चौकशीचा नसावा. जे वाचक घरातील वृद्धांची शुश्रूषा करीत आहेत, त्यांनी त्या वेळी फोन लावून द्यावा, डोळ्यांना दिसेल असा समोर ठेवावा, आणि खोलीतून बाहेर जावे. आजी आणि नात यांच्यातील काही गोष्टी मधल्या पिढीने न ऐकलेल्याच बऱ्या.

पुढे काय झाले, ते सांगते. ऑक्टोबरात मी नातीला फोन केला आणि म्हणाले, "माझं चुकलं. तुला काय हवं होतं ते मी विचारलंच नाही. आता सांग." त्या दिवशी ती पाऊण तास बोलली. जानेवारीत एका लहान संघात जागा शिल्लक होत्या, त्यांनी तिला बोलावले. आठवडाभर विचार करून, खर्चाचा कागद वडिलांना दाखवून, तिने होकार दिला. फेब्रुवारीत ती तापाने फणफणली, तेव्हा तिची 'मोठी बहीण' विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात दोन तास तिच्याशेजारी बसून होती. त्या मुलीची आजी युक्रेनमधून आलेली. ताप आल्यावर काय खावे, यावर दोघींच्या आज्यांची मते जुळत नव्हती, असे नात मला हसत सांगत होती.

मार्चच्या अखेरीस एके दिवशी पहाटे साडेचारला माझा फोन वाजला. तिकडे संध्याकाळचे सात. माझ्या पोटात गोळा आला. नात हळू आवाजात म्हणाली, "आजी, शनिवारी सगळ्या एका पार्टीला चालल्यात. मला नाही जायचं. काय कारण सांगू?"

मी म्हणाले, "कारण कशाला? येत नाही म्हणून सांग."

"आणि त्या रागावल्या तर?"

"रागावल्या तर त्या कोण आहेत ते कळेल. नाही रागावल्या तरीही कळेल."

दुसऱ्या दिवशी तिचा संदेश आला: 'सांगितलं. कोणी काही म्हणालं नाही. दोघी जणी म्हणाल्या, आम्हीही राहतो, पोहे कर.'

वाचकहो, सोरोरिटी चांगली की वाईट, याचे सरसकट उत्तर माझ्यापाशी नाही. संघ कॅनडातला असो, भिशीचा असो की आपल्या गल्लीतले भगिनीमंडळ असो, त्याची परीक्षा एकच: तेथे 'नाही' म्हणता येते का, आणि तसे म्हटल्यावरही आपली जागा शाबूत राहते का? ही परीक्षा आजीलाही लागू आहे, हे मला सप्टेंबरात ठाऊक नव्हते. माझ्यापाशी 'हो आजी, पण मला हवं आहे' असे म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून ती गप्प झाली. ती सोय झाली आणि पहाटे साडेचारला फोन वाजला.

त्या दिवशी पुन्हा झोप लागली नाही. उठून चहा केला. साखर न घालता.